तीर्थ कुणी पाण्यात मोजतं का?

जन्म माझा काशीचा, रामघाटावरचा. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे, आणि मी नर्सिंगला गेले तेव्हा आत्याने, त्यांच्या सख्ख्या बहिणीने, माझ्या हातचं पाणी सोडलं, कुणाकुणाचं काय काय उपसणारेस म्हणाली. लग्न जमलं नाही. आई होती तोवर घरात मराठी होती, ती गेली नि काय सांगू तुम्हाला, नुसतं अगंबाई म्हणायलाही समोर कुणी उरलं नाही. डायलिसिसची इन्चार्ज झाले तर आणखीच पंचाईत, मी चहाला गेले की हाताखालच्या नर्स पोरी गप्प, जी मॅडम, जी मॅडम.

मग बालाजी घाटावरच्या काकू आल्या. किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करायचं. मला पाहताच म्हणाल्या, अगं, तू आपल्यातली ना, मग सुई तूच लाव बाई. तेव्हापासून त्यांची सुई मीच लावायची, आणि मशीन चालू असेतो नुसत्या गप्पा, मेतकुटाच्या, सोवळ्याच्या, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या. मी त्यांच्या वाराची वाट बघायचे हो, खोटं कशाला बोलू.

श्रावण लागला आणि काकूंचं वजन चढायला लागलं. अशा मरीजला लघवी होत नाही, प्यायलेलं अंगात राहतं, छातीत चढतं. आडव्या झाल्या की धाप. डॉक्टरांनी दिलंय तेवढंच पिते म्हणायच्या, गंगामाईची शपथ. पोरी म्हणाल्या, बुढिया झूठ बोलती है. पण काकू खोटं बोलणाऱ्या नव्हेत. मग मी विचारलं, काकू, सकाळी दर्शनाला कुठे कुठे जाता? तर घाटापासून एकेक देऊळ सांगत सुटल्या, आणि प्रत्येक देवळात तीर्थाला हात पुढे. अहो काकू, तेही पाणीच की! तर म्हणाल्या, इश्श, तीर्थ कुणी पाण्यात मोजतं का?

आमच्या घरी तरी कुणी मोजलं होतं? पण इन्चार्ज मी. सांगितलं, यापुढे तीर्थ डोळ्यांना लावायचं, पोटात घ्यायचं नाही, नाहीतर पुढचा श्रावण दिसायचा नाही. वैदिकाची मुलगी ना गं तू, म्हणाल्या, काशीत माझ्या तोंडचं तीर्थ काढतेस? आणि तोंड फिरवून म्हणाल्या, सिस्टरजी, सुई लगाइए.

ऐकलं मात्र त्यांनी. वजन उतरलं, आता उताण्या शांत झोपतात. पण माझ्याशी हिंदीच. मी मुद्दाम विचारते, काकू, यंदा मेतकूट केलंत का? तर, हाँ जी. फार लागतं हो मनाला.

काल सुई लावताना जरा दुखलं त्यांना, आई गं म्हणाल्या. तेवढंच मराठी. घरी जाईपर्यंत मी खुळी तेच आठवत होते.

असू दे राग. माझ्याशी मराठीत बोलता बोलता गेल्या असत्या, त्यापेक्षा हिंदीत रुसून का होईना, राहोत बाई.