जपानी गिरमिट

असोद्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन सुतार उभे होते.

"तोतारामभाऊ, तुम्ही मागवलेलं ते जपानी गिरमिट चालतं का?"

"चालतं ना! पण दोन्ही तळहातांत धरून रवीसारखं घुसळा लागतं."

"म्हणजे हात जोडूनच?"

"हां. काल ओट्यावर तसाच मान खाली घालून भोकं पाडत व्हतो. तुझी वहिनी चार दिवसांची रुसलेली. दारात आली, तिले वाटलं मी माफी मागतो."

"मग?"

"ताटात भरीत आलं!"

"तुम्ही खरं सांगितलं नही?"

"भरीत सोडून? मी काय येडा?"

"मग आज हाती डबा काहून नही?"

"सकाळी पुन्हा तसाच बसलो. ती म्हणे, 'आता गिरमिट खाली ठेवा, अन् मग हात जोडा.'"