दगडफुलावर पीएचडी

...आणि वर विचारतात काय, तर ‘झालं का?’ अहो, झालं का म्हणजे काय झालं का? कुकर लावलाय का तिनं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायला? पीएचडी आहे ती, पीएचडी! पण नाही, आमच्या सोमाटण्यात ज्याला त्याला घाई. रेणुका सुट्टीला घरी येताना फाट्यावर स्कूटीत पेट्रोल भरायला थांबली, की पंपावरचा हौशीराम नळी हातात धरूनच विचारणार, ‘काय मॅडम, झालं का?’ भाजीला गेली, की भाजीवाली कोथिंबिरीची माती झटकत, ती माती हिच्याच अंगावर उडवत, ‘झालं का गं?’ लग्नाला गेली, तर नवरदेवाची कुठली तरी आत्या, जिनं हिला जन्मात पहिल्यांदा बघितलंय, ती जोडप्यावर फुलं टाकता टाकता मागं वळून, ‘ती पीएचडीवाली तूच ना? झालं का?’ आणि आमची रेणुका काय करते? चिडते? छे! मान जरा तिरकी करते, कसनुसं हसते आणि म्हणते, ‘होत आलंय.’

होत आलंय! तुम्हाला सांगतो, सहावं वर्ष आहे हे होत येण्याचं.

आता रेणुका कोण, तर आमच्या शेजारच्या निवृत्तीची मुलगी. निवृत्ती तळेगावच्या कंपनीत मशीनवर. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिली, त्यात एमएस्सी, त्यात पीएचडीला नंबर लागला, मग निवृत्ती हवेत जाणारच की! पण त्यानं घोळ काय केला, गल्लीत पेढे वाटताना म्हणाला, ‘आमची रेणुका डॉक्टर होणार!’ झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीआबा धोतर वर करून, सुजलेला गुडघा घेऊन ओट्यावर हजर.

‘आबा, मी तसली डॉक्टर नाही.’

‘मंग कसली?’

‘दगडफुलाची.’

‘दगडफूल? आपलं... मसाल्यातलं?’

‘हो, तेच.’

आबांनी धोतर खाली घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाले, ‘का गं, त्याला काय झालंय?’

आता हसू नका! आबा बरोबर बोलले होते. त्याला काय झालंय, हेच तर ती शोधत होती! दगडफूल म्हणजे फूल नव्हे, दगडावर, झाडाच्या सालीवर करडी-हिरवी खपली धरते ना, ते. त्याला हवा चांगली लागते. धूर आला, धूळ आली की ते रुसतं, वाळतं, मरतं. म्हणून रेणुकानं ठरवलं, हायवेच्या कडेचे लोणावळ्याचे दगड एकीकडं आणि तिकोणा पेठेचे, गडाखालचे दगड दुसरीकडं. दोन्हीकडचं दगडफूल मोजत राहायचं, कुठं वाढतंय, कुठं मरतंय. किती सोपं, नाही? फक्त एकच अडचण. ते वर्षाला वाढतं किती, तर तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. आपली नखं त्यापेक्षा पळतात हो! म्हणजे ही मुलगी भिंग घेऊन दगडासमोर बसायची, आणि दगडफूल म्हणायचं, आलीस का, बस, मला काही घाई नाही.

दगडफुलाला घाई नाही, हिच्या गाईडलाही घाई नाही. अनघामॅडम. लोणावळ्यातल्या ज्या कॉलेजात हिची लॅब, तिथल्या मुख्य. बाई हुशार, मनानं वाईट नाहीत, पण सापडत नाहीत! आज पुण्याला मीटिंग, उद्या दिल्लीला, परवा घसा बसलाय. हिनं सहा महिने राबून एक प्रकरण लिहून नेलं, की मॅडम चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, ‘हंऽऽ... इंटरेस्टिंग.’ बास. चांगलं इंटरेस्टिंग की वाईट इंटरेस्टिंग? ते नाही सांगायचं! रेणुका रात्रभर त्या ‘हंऽऽ’चा अर्थ लावत बसायची.

लॅबमध्ये एक मैत्रीण होती, प्रेरणा. दोघी एका डब्यात जेवायच्या, दोघी मिळून मॅडमची नक्कल करायच्या. ती तिसऱ्या वर्षी कंटाळली आणि हिंजवडीच्या कंपनीत निघून गेली. जाताना म्हणाली, ‘रोज फोन करीन हं.’ केला की! पहिला आठवडा रोज. मग रविवारी. मग वाढदिवसाला. आणि शेवटी शेवटी तिचाही मेसेज काय यावा... ‘झालं का गं?’

आणि राहायला कुठं? तुंगार्लीला. ऐकायला कसं छान वाटतं, तळं, बंगले, धुकं! अहो, कुणाच्या तरी बंगल्यामागची खोली ती. सोमवार ते शुक्रवार त्या रस्त्याला माणूस नाही. सगळ्या फाटकांवर पाट्या, ‘कुत्र्यापासून सावध राहा’, आणि आत कुत्रंसुद्धा नाही. आणि शनिवारी मुंबईच्या गाड्या येणार, गाणी लागणार, भिंती थरथरणार, पलीकडं पन्नास माणसं नाचणार आणि अलीकडं ही एकटी, मॅगीच्या भांड्यापुढं. एकदा एका गाडीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, ‘दीदी, टायगर पॉइंट किधर से?’ तर हिनं रस्ता सांगितला, धुकं कधी असतं सांगितलं, वळणं कुठं अवघड आहेत सांगितलं, कणीस कुणाकडचं घ्या तेही सांगितलं... बाई घाबरून काच वर करायला लागली! सोमवारपासून कुणी बोललंच नव्हतं हो तिच्याशी. फोनवर कंपनीची बाई बोलायला लागली, तीसुद्धा टेपवरची, तरी ही मध्येच ठेवायची नाही. म्हणायची, बोलतीये बिचारी, बोलू दे.

घरी सांगायचं? काय सांगायचं? आई म्हणणार, ये निघून. आणि निवृत्ती काही म्हणणार नाही, फक्त बघत राहणार. त्या बघण्याची भीती. म्हणून घरीसुद्धा तेच, ‘होत आलंय, पप्पा.’

एक जागा होती मात्र. तिकोणा पेठ. तिथं नंदाबाई म्हणून एक बाई, तिच्याच माळावर हिचे दगड. प्रत्येक दगडाला हिनं पत्र्याचा छोटा नंबर डकवलेला. महिन्यातनं एकदा स्कूटी आली, की नंदाबाई हातातलं खुरपं टाकून बांधावर यायची. आणि तुम्हाला सांगतो, सबंध मावळात ही एकटी बाई होती, जिनं ‘झालं का’ असं कधी म्हणून विचारलं नाही. ती विचारायची, ‘जेवलीस का?’ आणि उत्तराची वाट न बघता भाकरी थापायला घ्यायची.

‘मावशी, मी डबा आणलाय.’

‘आसू दे. गार डबा त्यो. हितं बस, चुलीपाशी. कशी वाळलीस बाय! तुला त्या कालेजात कुनी बघत न्हाई व्हय?’

बघतात की मावशी, इंटरेस्टिंग म्हणतात! पण हे ती मनात म्हणायची. तोंडानं नुसती जेवायची.

तर झालं काय, शेवटचं माप राहिलं होतं. शेवटचं! ते घेतलं, की थीसिस लिहायचा, की सुटली! पण मध्ये मॅडमची एक कॉन्फरन्स आली, तिचे सगळे तक्ते, बॅनर, पाहुण्यांची गाडी, पाहुण्यांचं चिक्कीचं पार्सल, सगळं हिच्या गळ्यात. दोन महिने तिकोण्याला जाणं नाही. आणि मग एका सकाळी ही निघाली, दुधिवरे खिंड उतरून, पवनेच्या कडेनं, गाणं म्हणत निघाली हो, कित्येक दिवसांनी! पोचली, तर नंदाबाई दारात उभी. तोंडभर हसू. आणि पायाशी पोतं. फुगलेलं, तोंड सुतळीनं बांधलेलं.

‘हे काय मावशी?’

‘सोड की, बघ तरी!’

हिनं सुतळी सोडली. आत दगडफूल. वाळवलेलं, पाखडलेलं, माती-काडी निवडलेलं, स्वच्छ!

‘तू आली न्हाईस, म्हनलं आजारी पडली का काय पोर. तुला हे लागतंय, ठाव हाय मला. बोटाच्या पेराएवढं मोजत बसतीस, कवा व्हायचं तुझं? मंग मी न् आमची जाऊ, दोघी बसलो. वल्लं करून खरवडलं का लगीच निघतंय. समद्या दगडांचं काढलं बघ! तुझं नंबर मातुर तसंच ठेवल्यात हां, त्याला हात न्हाई लावला.’

रेणुका पळत माळावर गेली. सगळे दगड धुतल्यासारखे लख्ख. आणि प्रत्येकावर तिचा नंबर, जागच्या जागी, चकचकीत!

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? ओरडला असता? कुणावर? ती खाली आली, तोंड उघडलं, आणि शब्दाच्या ऐवजी रडूच फुटलं. असं फुटलं, की थांबेना. आणि नंदाबाईला काय वाटलं, पोरगी आनंदानं रडतीये! तिनं हिला पोटाशी धरलं, पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, ‘येडी का खुळी! समद्या पोरी चौघीचौघींनी हिंडत्यात, तू आपली एकलीच दगडापाशी. माज्या जिवाला बघवंना. म्हनलं, लवकर उरकलं तर सुटंल पोर.’

हिनं काय सांगायचं हो त्या बाईला? की मावशी, तुम्ही माझी पाच वर्षं खरवडलीत? नाही सांगितलं. भाकरी खाल्ली, तिथंच चुलीपाशी आडवी झाली आणि दिवस कलेपर्यंत झोपली. म्हणते, तशी झोप तुंगार्लीत एक दिवस लागली नव्हती. मग पोतं स्कूटीवर पुढं घेतलं आणि निघाली.

मॅडमनी ऐकलं, आणि पहिल्यांदा ‘इंटरेस्टिंग’ म्हणाल्या नाहीत. ‘कोणी केलं हे?’

‘माहीत नाही, मॅडम.’

‘माहीत नाही कसं? शोध! ज्यानं केलं त्याच्याकडून लेखी घे, पंचायतीचा शिक्का घे. नुकसान दुसऱ्यानं केलं हे सिद्ध झालं, तर मी कमिटीला सांगून आहे त्या मापांवर तुला सोडवते.’

बघा! एक नाव. एक अंगठा. सुटली असती ती! पण पंचायतीत ते वाचलं जाणार, गावभर होणार, की नंदाबाईनं पोरीच्या कॉलेजचं वाटोळं केलं, आणि नंदाबाईला कळणार. मुख्य म्हणजे नंदाबाईला कळणार!

मग नाव न सांगताच ही कमिटीपुढं उभी राहिली, समोर तीन जण बसलेले. जुने फोटो बघितले, नवे बघितले. मधले सर पेन आपटत म्हणाले, ‘कोणी तरी काढलंय हे हातानं. रेणुका, तुम्हीच तर नाही ना काढलं? आकडे जमत नव्हते म्हणून?’ तरी ही म्हणते, ‘नाही सर. कोणी काढलं, ते मला सांगता येणार नाही.’ माहीत नाही, असं नाही म्हणाली हां. सांगता येणार नाही! मॅडम बघतच राहिल्या. आणि मग... मग मॅडमच्या चेहऱ्यावर तो भाव आला. चष्मा खाली सरकला.

‘हंऽऽ... पण हे इंटरेस्टिंग आहे. दगड साफ झालेत, नंबर शाबूत आहेत, आधीचे फोटो आहेत. आता हे पुन्हा उगवतं का, किती दिवसांत उगवतं, हे कुणी बघितलंय का? रेणुका, विषय बदलू या!’

मुदतवाढ! गेली ना आणखी वर्षं!

हे ऐकून निवृत्ती डबा घेऊन तुंगार्लीला गेला. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, बापाला सगळं सांगितलं (मला पुढं त्यानंच सांगितलं, तुम्ही मात्र तिकोण्याकडं बोलू नका हां!). तो बराच वेळ त्या बंद बंगल्यांकडं बघत बसला. मग म्हणाला, ‘इथं तू एकटी राहत होतीस होय? मला वाटायचं, मैत्रिणी असतील.’ एवढंच. आणि उठताना म्हणाला, ‘त्या बाईचं नाव कुणाला सांगू नको. तिनं जेवू घातलंय तुला. आम्ही इथं कुठं होतो?’

आणि ते पोतं? ते सोमाटण्याला आलं. टाकवेना, ठेववेना. तिच्या आईनं ते भाजलं, कुटलं, मसाला केला आणि गल्लीत घरटी एकेक बरणी दिली. म्हणजे लोकांच्या मुली थीसिस लिहितात, रेणुकाचा आम्ही सगळ्यांनी आमटीत घालून खाल्ला. खोटं कशाला बोलू, वास फार सुरेख होता! भिकाजीआबांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतला.

आता ती पुन्हा जाते दर महिन्याला. तिला नंदाबाईला काहीतरी सांगावं लागलंच, म्हणाली, ‘मावशी, आता नवीन उगवतंय ते बघायचंय, खरवडू नका हां.’ तेव्हापासून नंदाबाई काठी घेऊन राखणीला बसते. गडावर निघालेली पोरं माळावर सेल्फीला थांबली, की ओरडते, ‘ए, उटा तितनं! आमच्या पोरीचं काम चाललंय!’ आणि आमची पोरगी त्या टक्कल पडलेल्या दगडासमोर भिंग लावून बसते. एक दगड, दुसरा दगड, तिसरा... अजून काही उगवलेलं नाही. मी म्हटलं, अगं मग बरंय की, लांबूनच बघायचं, काही नाही असं लिहायचं, पाच मिनिटांत घरी!

तर म्हणते कशी, ‘नाही हो काका. काही नसलं, तरी ते तीनदा मोजावं लागतं.’