नोंद घेतली आहे

(बालहक्क लोकपाल कार्यालय, दुपार. टेबलाच्या एका बाजूला तपास अधिकारी. समोर अकरा वर्षांची मुलगी आणि तिला घेऊन आलेली, बालगृहात काम करणारी काकू.)

अधिकारी : …म्हणून बोलावलं तुला. तुझं म्हणणं आम्हाला पटलं. अहवालात तसंच लिहिलंय, दोघी बहिणींना वेगळं करायलाच नको होतं.

मुलगी : म्हणजे आपण जिंकलो?

अधिकारी : तसं नाही गं.

काकू : मॅडम, काय ते सरळ सांगून टाका. सकाळपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नाही. छोटी येणार म्हणून शेजारची खाट झाडून बसलीय.

अधिकारी : ऐक हं. आम्ही चौकशी करतो, चूक कुठे झाली ते दाखवतो, काय करायला हवं ते बालगृहं चालवणाऱ्या विभागाला कळवतो. पण करायला लावायचा अधिकार आम्हाला नाही.

मुलगी : तुमच्याकडे शिक्का नाही?

अधिकारी : आहे ना.

मुलगी : मग मारा की!

अधिकारी : मारला. तीनदा पाठवलं. उत्तर आलं, 'शिफारशीची नोंद घेतली आहे.'

मुलगी : नोंद घेतली म्हणजे आणणार तिला?

काकू : नोंद घेतली म्हणजे फाईल बांधून ठेवली, बाळा.

अधिकारी : काकू, असं नका बोलू.

काकू : काय खोटं बोलले? वीस वर्षं बालगृहात काढलीत मी. आठ महिन्यांमागे म्हणाले, पाच वर्षांखालच्यांची सोय इथे बंद, छोटीला दुसरीकडे हलवतो, दर महिन्याला भेट घडवतो. सात तासांचा रस्ता. भेटी झाल्या दोन!

अधिकारी : आणखी एक सांगायचंय. काल कळलं. छोटीला… एका घरी दत्तक देतायत.

मुलगी : मग आम्ही दोघी जाऊ.

अधिकारी : त्यांना एकच मूल हवंय.

मुलगी : मी फार जेवत नाही. सांगा त्यांना.

काकू : अगं बाई…

अधिकारी : आम्ही कालच्या काल हरकत घेतली. पण आदेश आधीच निघाला होता. सोमवारी नेणार तिला.

मुलगी : तुम्हीच आमच्या शाळेत आला होतात. म्हणालात, काही झालं तर पत्र लिहा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत.

अधिकारी : म्हणाले होते.

मुलगी : मग?

अधिकारी : आहोत की. अजूनही बाजूनेच आहोत. फक्त… तेवढंच आहोत.

काकू : घ्या, पाणी घ्या. तुम्हीच रडायला लागलात तर हिने कुणाकडे बघायचं?

मुलगी : मॅडम, त्या घरच्यांना पत्र पाठवता येतं का?

अधिकारी : त्यांचा पत्ता मला देणार नाहीत. पण छोटीच्या कागदांबरोबर जोडा, असं सांगून बघते. स्वतः जाऊन सांगते. बोल, लिहून घेते.

मुलगी : झोपताना तिची पाठ थोपटायची नाही, चोळायची. केस विंचरताना आधी खालचा गुंता सोडवायचा, नाहीतर किंचाळते.

अधिकारी : हं. पुढे?

मुलगी : रुसली की पलंगाखाली जाते. ओढून काढायचं नाही. आपण पण खाली जाऊन बसायचं. येते मग.

अधिकारी : लिहिलं. खाली तुझं नाव घालते.

मुलगी : नाव नको. 'ताई' लिहा. माझं नाव तिला अजून नीट म्हणता येत नाही.