चुन्यातला जिना

लस टोचायच्या रांगेत माझी लेक नुकती कुठे मांडीवर झोपली होती. शेजारच्या बाकावर दोघी जावा होत्या. बाळ धाकटीच्या मांडीवर, बोलणं थोरलीचं.

"नगरपालिका उद्यापासून सहा महिने नव्या रो-हाऊसना परवानगीच देणार नाही म्हणे. आपल्या प्लॉटवर दोन्ही घरं मागाहून एकदमच बांधू. घाई कशाला?"

"जाऊबाई, प्लॉटवर चुन्याच्या रेघा कुणी मारल्यात?"

"रेघा? नळाचं काम असेल."

"नळाला जिना लागतो?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"पायऱ्या मोजल्या मी. सतरा आहेत, आणि उतरतात आमच्या हिश्श्यात."

"अगं, ह्यांनी नुसता अंदाज घेतला असेल. संशयीच आहेस बाई तू!"

"भाऊजींनी अर्ज दिलाय ना?"

"दिला असेल. मला कुठे काय सांगतात?"

"आज दुपारपर्यंत आलेलेच अर्ज धरणार आहेत. म्हणजे आम्ही भाड्याच्या खोलीत, आणि तुमचा जिना आमच्या अंगणात."

"काहीतरीच! इथे दवाखान्यात बसून भांडतेस?"

"भांडत नाही. याला धरा जरा. नंबर आला की टोचून घ्या, आणि रडला तर खांद्यावर टाका, लगेच गप्प होतो."

"आणि तू कुठे निघालीस?"

धाकटीने पिशवीतल्या लंगोटांखालून, वर नगरपालिकेचा अर्ज लावलेली जाडजूड फाईल ओढून काढली.

"अगं बाई! ही कधी तयार केलीस?"

"भाऊजी कधी नव्हे ते आपणहून आमच्याकडे चहाला आले ना, त्याच दिवशी."