टिटवीची चार अंडी

—नाही, सही करणार नाही मी. पेन ठेव खाली. चैत्राली, तू चांगली मुलगी आहेस, दोन बस बदलून शहराच्या या टोकाला, हौगांगपर्यंत आलीस, सरबत घे — पण या पत्रात लिहिलंयस काय? इंग्रजीत आहे म्हणून मला कळणार नाही? चौथीतून शाळा सुटलेली बाई मी, पण इथे परदेशात आल्यावर लायब्ररीतली पक्ष्यांची पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली — एकेक पान दोन-दोन दिवस. ‘वयस्कर, अजाण सदस्येकडून नकळत घडलं’ — हेच ना? हे तिकडे इंग्लंडात त्या राखीव माळाच्या वॉर्डनबाईला पाठवायचं, म्हणजे पुढच्या मे महिन्यात आपल्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपला पुन्हा तिथे चालायला येऊ देतील. मलाही. बरोबर? वा!

मग ऐक. तुम्ही सगळे पुढे गेलात दुर्बिणी घेऊन, मी मागे — गुडघ्यांमुळे? छे! मुद्दाम राहिले मागे. डब्यात दहीभात होता माझ्या. अगं, हे गेले तेव्हा दहाव्याला कावळ्यासाठी घास ठेवता येईना — इथे पाखरांना खायला घातलं की दंड! गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, म्हणाले झालं. काय झालं? गवताच्या कावळ्याला भूक असते? दोन वर्षं टोचत होतं मला ते. आणि त्या माळावर — आपल्या कोकणातल्या सड्यासारखा उघडा, आभाळाला टेकलेला माळ — दगडी बांधावर बसलेला, काळाकुट्ट, हा एवढा! ठेवला भात दगडावर. येईना. मग आपण काय करतो, गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणतो ना? यांची इच्छा मला ठाऊक होती. तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली, शेवटी रत्नागिरीला परतायचं होतं. मीच अडवलं. मी म्हटलं, जावांच्या हाताखाली पुन्हा नाही जायची. तर मी काय बोलले असेन त्या कावळ्याशी? म्हटलं, ‘नाही जाणार. चुकले असंही म्हणणार नाही. खायचं तर खा, नाही तर ऊठ.’ — आणि खाल्लं गं त्याने! शीत ठेवलं नाही. रडत होते? कोण म्हणालं? वारा होता तिथे.

मग तो उतरला खाली, गवतात. टिटवी बिचारी किंचाळतेय, त्याच्या डोक्यावर झेपावतेय — चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आतल्या बाजूला, कशी नीट मांडल्यासारखी—

नंतर नव्हे. आधी बघितली होती. भात ठेवायच्या आधी.

बघतेस काय अशी? दहा पावलांवर होती. फलकही वाचला होता अख्खा — अन्न टाकू नका, कावळे येतात, जमिनीवरची घरटी लुटतात. मला तर तो यायलाच हवा होता! काठी होती हातात. उगारली नाही. यांचा घास ज्याने घेतला, त्याला हाकलू कशी? टिटवीचं मात्र... असो. तिची चारही अंडी गेली, ती माझ्यामुळे. अजाणपणाने नाही.

प्रबोध म्हणतो, ‘आई, सही कर नि विषय संपव.’ माझा मुलगा, पण त्यालाही मी अडाणी असलेली सोयीची पडते. खरं कळलं तर मला पुन्हा तिथे पाऊल टाकू देणार नाहीत, माहितीय मला. आणि मला जायचंय गं, पाय चालताहेत तोवर दर वर्षी जायचंय. पण अडाणी म्हणून नाही.

दे तो कागद. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते, माझ्या इंग्रजीत — अंडी मी पाहिली होती, फलक वाचला होता, ग्रुपचा दोष नाही. खाली माझं नाव, पूर्ण. हं. धर. सुधारायचं नाहीस एक अक्षर. आणि मला समजवायचंही नाहीस.

सरबत राहिलं? राहू दे. लिफ्ट डावीकडे आहे.