समुद्रावर जाणारे आजोबा

गुड्डी : नाही आबाजी, बिडी नाही. निबंधातले आजोबा बिडी नाही ओढत.

फकिरा : मंग काय करते तो दिवसभर?

गुड्डी : आरामखुर्चीत बसते अन् गालातल्या गालात हसते.

फकिरा : एकटाच? डोक्यानं ठीक हाये ना तो?

गुड्डी : आबाजी, टाइम नाही आहे. शाळेच्या मॅडम धनराजच्या घरी चहा पिऊन राहिल्या. तिथून निंगल्या की आपल्याकडंच. चूप ऐका. 'माझे आजोबा पहाटे उठून बागेतील फुलझाडांना पाणी घालतात. त्यांच्या गोल चष्म्याआडून मायेचे झरे वाहतात.'

फकिरा : डोळ्यातून पानी येते त्याच्या? तुमसरच्या दवाखान्यात दाखवा म्हना त्याले.

गुड्डी : 'संध्याकाळी ते माझे बोट धरून मला समुद्रकिनारी फिरायला नेतात.'

फकिरा : कुठं नेतो मी तुले?

गुड्डी : समुद्रावर.

फकिरा : आंबागडात समुद्र कधी आला?

गुड्डी : मले मालूम आहे नाही म्हणून. मी नाही लिहिलं ते. मोबाईलनं लिहिलं.

फकिरा : मोबाईलात कोन बसला हाये?

गुड्डी : कोणी नाही बसला. आपण सांगाचं, सातवीच्या मुलीसाठी 'माझे आजोबा' निबंध लिहून दे. तो देते लिहून.

फकिरा : त्यानं मले पाहिलं हाये?

गुड्डी : नाही.

फकिरा : मंग आजा कोनाचा लिहिला त्यानं?

गुड्डी : ते नका विचारू आता. मॅडम आज घरोघरी जाऊन सगळ्यायच्या आजोबाले भेटून राहिल्या. ज्याचे आजोबा निबंधासारखे निंगले, त्याचं नाव तुमसरच्या स्पर्धेले. स्टेजवर माइकपुढं वाचाचं आहे आबाजी. अन् नाही निंगले तर उद्या वर्गात सगळ्यायसमोर उभं करतील.

फकिरा : म्हनजे हे पात्र हाये. मंग पहिलेच सांगाचं ना. दंडारीच्या नाटकात इतकी वर्षं राणी केली मी. मी रडलो की बपेरा गावच्या बाया घरी जाऊन जेवत नव्हत्या. याच्यात गाने किती?

गुड्डी : एकही नाही.

फकिरा : शेवटी मरते का?

गुड्डी : नाही. 'असे आजोबा सर्वांना मिळोत' म्हणते अन् संपते.

फकिरा : मरत नाही, गात नाही, बिडी ओढत नाही. कोन पाहाले येईन हे?

गुड्डी : मॅडम येतील. हा घ्या चष्मा.

फकिरा : कोनाचा?

गुड्डी : धनराजनं मांगच्या दारानं आणून दिला. लवकर द्याचा आहे, मंगेशच्या घरी पाठवाचा आहे.

फकिरा : मंगेशले कायले पाहिजे?

गुड्डी : त्याच्या आजोबाले. घाला ना आबाजी.

फकिरा : याच्यातून तं काहीच दिसत नाही, पोरी. तू कुठं हायेस?

गुड्डी : इथंच. खुर्ची नाही, बाजेवर उशी लावली आहे. बाग म्हणजे तो सांभाराचा, कोथिंबिरीचा वाफा. हा घ्या लोटा. विसरले तर मी दाराआडून सांगते.

फकिरा : हौ, प्रॉम्प्टर तं पाहिजेच. आवाज मोठा ठेवजो.

(फाटकाशी ज्योत्सना मॅडमची स्कूटी थांबते.)

ज्योत्सना : नमस्कार. गुड्डीचे आजोबा आपणच ना?

फकिरा : या मॅडम, या. बसा. घर आपलंच हाये.

ज्योत्सना : मी इकडे आहे आजोबा. ती माझी स्कूटी.

फकिरा : हौ हौ. तिलेही बसू द्या.

ज्योत्सना : पाणी कशाला घालताय?

फकिरा : फुलझाडायले. पहाटेपासून घालून राहिलो.

ज्योत्सना : त्या माझ्या चपला आहेत.

गुड्डी : आबाजी, हसा. गालातल्या गालात.

ज्योत्सना : दाराआड कोण बोलतंय?

फकिरा : कोनी नाही. माहं मन बोलते.

ज्योत्सना : तुमची दाढ दुखतेय का?

फकिरा : नाही. हसून राहिलो.

ज्योत्सना : असं होय. संध्याकाळी नातीला फिरायला नेता म्हणे तुम्ही.

फकिरा : समुद्रावर. रोज.

ज्योत्सना : रोज? कशाने जाता?

फकिरा : सायकलनं.

ज्योत्सना : लांब असेल ना?

फकिरा : कायचं लांब? किल्ल्याच्या मांगंच तं हाये.

गुड्डी : आबाजी, जास्त नका सांगू.

फकिरा : जास्त नाही म्हनते. थोडंसंच लांब.

ज्योत्सना : कोणता समुद्र तो?

गुड्डी : अरबी.

फकिरा : मोठ्यानं सांग ना वो, ऐकू नाही येत.

गुड्डी : अरबी.

फकिरा : अरबी. पर उन्हाळ्यात काही राहत नाही त्याच्यात. गुडघ्याएवढं पानी. बैलं बसते मधात.

ज्योत्सना : आणि मासळी?

फकिरा : मरळ हाये, झिंगे हायेत. पर आपल्या मच्छीमार संस्थेचा ठेका हाये. कोनीही येऊन जाळं टाकन, असं नाही चालत.

ज्योत्सना : अरबी समुद्राचा ठेका.

फकिरा : मंग? लिलावात घेतला.

ज्योत्सना : आजोबा, तो चष्मा जरा बघू. काडीला हिरवा दोरा बांधलाय.

फकिरा : जुना हाये. माह्या लग्नातला.

ज्योत्सना : मघाशी हाच चष्मा धनराजच्या आजोबांच्या नाकावर होता. त्याच्या आधी टीनाच्या. मी निघाले की हा माझ्यापुढे पोहोचतो.

फकिरा : सायकलनं गेला असन.

ज्योत्सना : तेही दोघे रोज समुद्रावर जातात. मंगेशचेही जातात, निबंधात लिहिलंय. माझ्या सातवीचे सगळे आजोबा संध्याकाळी समुद्रावर असतात. गोल चष्मा, आरामखुर्ची, मायेचे झरे. एकच आजोबा आहेत हे, घरं तेवढी वेगळी.

फकिरा : मंगेशचा आजा? त्याले परसाकडं जावाले दोन मानसं लागते. तो कुठला जाते समुद्रावर?

ज्योत्सना : गुड्डी, ये बाहेर.

गुड्डी : मॅडम, माझं नाव कापलं का?

ज्योत्सना : अजून कुणाचंच लिहिलेलं नाही. कापायचं काय? विज्ञानाच्या तासाला मी रोज काय सांगते?

गुड्डी : आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

ज्योत्सना : आणि तू काय केलंस?

गुड्डी : आधी रिचार्ज.

फकिरा : मॅडम, तिच्यावर नोका रागावू. पर एक सांगा, पात्र कसं वठलं?

ज्योत्सना : आतापर्यंत पाहिलेल्यांत तुम्हीच सरस. बाकी कुणाच्या समुद्रात बैल बसत नव्हते.

फकिरा : ऐकलं का गुड्डे?

गुड्डी : ऐकलं. मी उद्या कोपऱ्यात उभी राहीन अन् तुम्ही सरस.

ज्योत्सना : कुणी उभं राहणार नाही. उद्या प्रार्थनेच्या आधी मला नवीन निबंध दे. हाताने लिहिलेला, तुझ्या आजोबांवर. यांच्यावर. चांगला झाला तर तुमसरला तूच वाचशील.

गुड्डी : खरं लिहिलं तर दोन ओळीत संपते मॅडम. आबाजी किल्ल्यामागच्या तलावावर जातात, जाळं टाकतात. येतात, बिडी ओढतात, झोपतात.

फकिरा : भरल्या ना दोन ओळी.

गुड्डी : दोन ओळीवर कोणी टाळी वाजवते काय?

फकिरा : राणीचं लिहिजो मंग. मी लुगडं नेसून रडत होतो, ते लिहिजो.

गुड्डी : माइकपुढं?

फकिरा : मीही माइकपुढंच रडलो. त्यात लाज कायची?

ज्योत्सना : गुड्डी, मला एक सांग. तू मोबाईलला सांगितलंस, आजोबांवर निबंध दे. त्याने तुला उलट काहीच विचारलं नाही?

गुड्डी : विचारलं होतं.

ज्योत्सना : काय?

गुड्डी : तुझे आजोबा काय काम करतात, त्यांना काय आवडतं, त्यांची एखादी गोष्ट सांग. सांगितलं तर निबंध जास्त चांगला होईल म्हणे.

ज्योत्सना : मग तू काय सांगितलंस?

गुड्डी : मी लिहिलं, तूच टाक काहीही.

ज्योत्सना : आणि त्याने समुद्र टाकला.

फकिरा : थांब. त्यानं माह्याबद्दल इचारलं होतं?

गुड्डी : हो.

फकिरा : मले काय आवडते म्हनून?

गुड्डी : हो आबाजी.

फकिरा : मानूस बरा दिसते.

गुड्डी : माणूस नाही आहे तो.

फकिरा : तरीही.

ज्योत्सना : मी निघते. मंगेशकडे जायचंय. चष्मा मीच नेते, पोरांची धावपळ वाचेल.

फकिरा : न्या, न्या. त्याच्या आज्याले चांगला बसवून द्या, नाहीतर भरतीत बुडन.

ज्योत्सना : येते आजोबा. चपला वाळतील जाता जाता.

गुड्डी : आबाजी, मॅडम गेल्या. आता बिडी ओढा, मी लिहिते. पेन चालून नाही राहिला... हं, चालला. 'माझे आजोबा.' पुढं काय लिहू?

फकिरा : मले काय मालूम? शाळेत तू जातेस.

गुड्डी : सांगा ना काहीतरी.

फकिरा : त्या मोबाईलनं पहिलं काय इचारलं होतं?

गुड्डी : काय काम करतात ते.

फकिरा : ते तं तुले मालूमच हाये. दुसरं?

गुड्डी : काय आवडतं ते.

फकिरा : मंग तसंच इचार ना. हळूहळू इचार, घाई नोको करू.