आईच्या परवानगीची माघार

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या छावणीत नवा रंगरूट होतो. हवालदारानं शिकवलं, ‘फॉल बॅक’ म्हणजे माघारी पळायचं. आणि निघताना आईनं बजावलेलं, “दुश्मनाला पाठ दावलीस तर पारनेरला येऊ नगं.” आता ऐकायचं तरी कुणाचं?

सरावात हुकूम सुटला. सगळे वळून पळाले. मी मात्र उलट्या पावलांनी मागं सरकत थेट साहेबाच्या चहाच्या टेबलावर आदळलो.

“वळता येत नाही?” साहेब ओरडला.

“येतं साहेब, पन आईची परवानगी न्हाई.”

साहेब चक्रावला. “मग पत्र पाठवून परवानगी माग!”

आठवड्यानं आईचं उत्तर आलं, मास्तरांकडून लिहवलेलं: “साहेबाला म्हनावं, पोराला आधी फुडं जायला शिकवा. माघारी पळायला त्यो साळंतच शिकलाय.”